स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवणारं सेवा केंद्र

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीला लागून एक सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज. अशी केंद्रं आता गावोगावी झालीत आणि त्या कामांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. कामं होतात, पावती मिळते, दर भिंतीवर लिहिलेले आहेत. मला लिहायचं आहे ते तिथल्या अशा कामाबद्दल, ज्याची पाटीही नाही आणि ज्याचे पैसेही घेतले जात नाहीत. लोक तिथं इंटरनेटवर काही ना काही शोधायला येतात, आणि ते शोधणं ज्या पद्धतीनं होतं ते मी आमच्या भागात दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'ड' वर्गाचं छोटं वाचनालय, दोन कपाटं आणि वर्तमानपत्रांचा टेबल. समोरच्याला नेमकं काय हवं आहे ते बोलण्यातून काढणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं दुसरं कुणी ते काम चांगलं करत असेल तर लगेच लक्षात येतं.

केंद्र चालवते ती गावचीच सून. म्हातारी माणसं तिला सूनबाई म्हणतात, बरोबरीचे वहिनी, शाळेतली पोरं मॅडम. तिच्या टेबलावरचा स्क्रीन फिरता आहे. माणूस खुर्चीवर बसला की ती आधी स्क्रीन त्याच्याकडे वळवते. मग कीबोर्डला हात न लावता विचारते, "तुमाले यातलं काय काय माहीत आहे?" कुणी लांबण लावतं, कुणी एकच शब्द बोलतं, कुणी खिशातून कागद काढतं. ती ऐकून घेते, आणि त्यावरून सुरुवात कुठून करायची ते ठरवते.

तालुक्याला एका केंद्रात मी याच्या उलट पाहिलं आहे. माणूस एक वाक्य बोलतो, चालवणारा आपल्या मनानं दोन शब्द टाइप करतो, पहिलं जे उघडेल त्याची प्रिंट काढतो आणि दहा रुपये मागतो. स्क्रीनची पाठ गिऱ्हाइकाकडे. काय शोधलं, काय सापडलं, काय सोडून दिलं, त्याला काहीच कळत नाही. कागद घेऊन तो बाहेर पडतो आणि पुन्हा तोच प्रश्न घेऊन दुसऱ्या दारी जातो.

ऑक्टोबरातली गोष्ट. एक काकाजी आणि त्यांचा मुलगा आले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडत होती. मुलानं मोबाइलवर आधीच शोधलं होतं, 'लाल्या औषध' एवढंच टाकून. उत्तरं भरपूर आली होती, बहुतेक विकणाऱ्यांची. कुणाचं टॉनिक, कुणाचं पाण्यात विरघळणारं खत, कुणाचं तीन औषधांचं एकत्र पाकीट. "वहिनी, यातलं कोणतं चांगलं तेवढं सांगा," म्हणाला. वडील गप्प होते. त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली पानं टेबलावर मांडली.

तिनं मुलाचा मोबाइल बाजूला ठेवला आणि वडिलांना विचारलं, "काकाजी, हे पान शेंड्याकडचं आहे का बुडाकडचं?" मग कपाशी, पान, लाल असे साधे शब्द टाकून तिनं फक्त चित्रं उघडली आणि मोठी केली. काकाजी पुढं सरकले. "हे नाई. याच्या शिरा हिरव्याच आहेत. माह्या पानाची कोर लाल आहे, आन पान खालती वळलं." पुढचं चित्र. "हेही नाई." त्याच्या पुढच्यावर त्यांनी बोट ठेवलं, "हे पाह्य. हे माह्या वावरातलं." तिनं टेबलावरचं ताजं पान उचलून उजेडाकडे धरलं आणि अलगद उलटं केलं. मागच्या बाजूला शिरेच्या कडेला पोपटी रंगाचे बारीक किडे होते. पान हललं तसे ते तिरपे तिरपे सरकत दुसऱ्या बाजूला गेले. तुडतुडे.

तुडतुड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि पान खाली मुरडतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो, आणि त्याची सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते. गावात दोन्हीला लाल्याच म्हणतात. पण एकाला मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी लागते आणि दुसऱ्यात कीड आवरावी लागते. 'लाल्या औषध' एवढ्यावर शोधणाऱ्याला हा फरक दिसणं कठीण होतं, कारण त्यानं प्रश्नातच औषध ठरवून टाकलं होतं, आणि पिकाला झालं काय ते अजून ठरायचं होतं.

यानंतर तिनं पुन्हा शोधलं, आता तुडतुडे हा शब्द घेऊन आणि शोध दोनच ठिकाणांपुरता बांधून: नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. 'साइट' हा शब्द, कोलन आणि संस्थेचा पत्ता असं टाकलं की शोध त्या संस्थेच्या पानांबाहेर जात नाही. मुलगा मोठ्यानं वाचत गेला, वडील त्यातले फोटो पाहत गेले. दोघं एकाच स्क्रीनकडे बघत होते आणि दोघांना आपापल्या मार्गानं कळत होतं. शेवटी तिनं स्वतः औषधाचं नाव दिलं नाही. पानाचा फोटो आणि इंटरनेटवर सापडलेली माहिती मुलाच्या मोबाइलवर पाठवली, आणि कृषी सहायकांना दाखवून मगच दुकानात जायला सांगितलं.

मी हे एवढं लांबवून सांगते आहे, कारण आमच्या जिल्ह्यात चुकीच्या उत्तराची किंमत काय असते ते आम्ही पाहिलं आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. घाबरलेला माणूस सगळ्यात वर दिसेल ते उत्तर उचलतो, आणि वर तर पुष्कळदा 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेली जाहिरात असते. सूनबाई प्रत्येकाला हा शब्द स्क्रीनवर बोट ठेवून दाखवते. औषधाबद्दल शोधायला आलेल्याला बाटली किंवा तिचा फोटो आणायला सांगते आणि लेबलवरचा रंगीत त्रिकोण दाखवते. लाल म्हणजे अतिविषारी, त्यानंतर पिवळा, निळा, आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. वाचता न येणाऱ्या मजुरालाही हे कळतं.

माणसं वेगवेगळ्या तऱ्हेनं विचार करतात हे आपण सगळेच म्हणतो, पण त्यावर नीट अभ्यासही झाला आहे. रायडिंग आणि चीमा या दोन अभ्यासकांनी 1991 मध्ये आधीच्या अनेक संशोधकांनी सुचवलेल्या विचारशैली गोळा करून त्या दोन जोड्यांत बसवल्या. एक जोडी अशी, की काही जण आधी अख्खं चित्र बघतात आणि काही जण एकेक तुकडा. दुसरी अशी, की काहींच्या डोक्यात शब्द चालतात आणि काहींच्या डोक्यात प्रतिमा. पुढं इंटरनेट आल्यावर अभ्यासकांनी याच जोड्या घेऊन लोक वेबवर कसं शोधतात तेही तपासलं: कोण शब्द बदलत बदलत जातो, कोण दुवे धरून पुढं जातो, कोण ओळ न् ओळ वाचतो, कोण पानावरून नुसती नजर फिरवतो. अख्खं बघणाऱ्याच्या हातून बारकावा निसटतो आणि तुकडा धरणारा त्या तुकड्यालाच सगळं समजतो, हे मी वाचनालयात रोज पाहते. काकाजी आणि त्यांचा मुलगा एकाच घरातले, एकाच वावरातले, तरी एक पानावरून निघाला आणि दुसरा औषधाच्या नावावरून.

पण माणसावर शिक्का मारणं मला पटत नाही. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, हा समज शाळांमध्ये फार पसरला आहे. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्याचा आढावा घेतला आणि त्याला पुरेसा पुरावा मिळत नाही असं दाखवलं. सूनबाईही कुणाला 'चित्रवाला' किंवा 'शब्दवाला' ठरवत नाही. हेच काकाजी पीएम किसानचा हप्ता बघायला आले की चित्रबित्र काही नको असतं. नोंदणी क्रमांक तोंडपाठ, दोन हजार जमा झाले की नाही तेवढं बघायचं आणि उठायचं. माणूस तोच, प्रश्न बदलला की विचार करायची तऱ्हा बदलते. म्हणून ती दर वेळी नव्यानं विचारते.

तिचे प्रश्न ऐकताना मला पहिल्यांदा रंगनाथन आठवले. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, आणि चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. पुढं द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे ग्रंथ लावायच्या आपल्या पद्धतीत, त्यांनी कोणताही विषय पाच अंगांनी फोडायची रीत दिली: मुख्य वस्तू, तिचा पदार्थ किंवा गुण, तिच्यावर होणारी क्रिया, जागा आणि काळ. सूनबाई कॉमर्सची पदवीधर, तिनं रंगनाथन वाचलेले नाहीत. पण ती विचारते तेच: पीक कोणतं, झाडाचा कोणता भाग, काय झालं, कोणत्या शिवारात, केव्हापासून. या पाच उत्तरांतून शोधायचे शब्द आपोआप निघतात. प्रमाणपत्र अभ्यासक्रमात मी जे घोकून पाठ केलं होतं, ते इथं वापरात दिसलं आणि मला फार आनंद झाला. तिला मी हे सांगितलंही. तिनं रंगनाथनांचं नाव कागदावर लिहून घेतलं.

जमिनीच्या कामात तर तिचं कसब आणखी दिसतं. एक मावशी वारस नोंदीसाठी आल्या होत्या. नवरा वारलेला, जमिनीचे कागद दिराकडे, गट नंबर ठाऊक नाही. सातबाऱ्याच्या सरकारी साइटवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव असं उतरत जावं लागतं आणि मग गट नंबर तरी लागतो किंवा नाव तरी. नवऱ्याच्या नावानं काही निघालं नाही, कारण नोंद अजून सासऱ्याच्या नावावर असावी आणि सासऱ्याचं कागदावरचं नाव मावशींना नक्की माहीत नव्हतं. तिथं दुसरा कुणी म्हणाला असता, नंबर घेऊन या. मावशींना नंबर ठाऊक नव्हता, पण धुऱ्यापलीकडे कोणाचं वावर आहे ते पक्कं माहीत होतं. त्यांची जमीन त्यांच्या डोक्यात पायवाटेनं होती. कोणाच्या बांधावरून जायचं, कुठं वळायचं, विहीर कोणत्या बाजूला. सूनबाईनं शेजाऱ्याच्या नावानं त्याचा गट काढला. मग महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी साइटवर गावाचा नकाशा उघडून तो गट शोधला आणि मावशींना म्हणाली, "आता तुमी वावरात उभ्या आहा असं समजा. त्याहिचं वावर तुमच्या कोणत्या अंगाले येते?" मावशींनी क्षणभर डोळे मिटले, हातानं दिशा दाखवली आणि मग नकाशावर बोट टेकवलं. तो गट उघडला, आणि सासऱ्याचं नाव निघालं. पुढं ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज भरला गेला तो रीतसर, पण अवघड काम त्याआधीच झालं होतं.

म्हाताऱ्या बायका मराठीत बोलून शोधतात. गुगलचं मराठीत बोलून शोधणं 2017 मध्ये आलं, पण आमच्याकडे ते रुळायला वेळ लागला. आजी मोबाइलसमोर सुरुवातीपासून अख्खी कहाणी सांगते, सूनबाई तिला तोडत नाही. स्क्रीनवर उमटलेलं वाक्य वाचून दाखवते आणि विचारते, "आजी, यातलं कामाचं काय?" आजीच ते दोन-तीन शब्द निवडते. हे मला फार आवडतं.

स्पर्धा परीक्षेच्या पोरी येतात त्यांचं दुखणं उलटं आहे. त्यांना शब्द नेमके माहीत असतात, एकामागून एक टॅब उघडत जातात, आणि संध्याकाळी आपण कोणत्या प्रश्नापासून निघालो होतो तेच आठवत नाही. त्यांना ती आधी अभ्यासक्रमाचं पान उघडून शेजारी ठेवायला लावते आणि प्रश्न वहीत लिहायला लावते. शासन निर्णय हवा असेल तर बातम्यांमध्ये न भटकता थेट शासन निर्णयांच्या साइटवर विभाग आणि तारीख टाकून काढायचा, हेही तिनंच त्यांना दाखवलं. शोधता शोधता प्रश्न बदलतो, यात मात्र काही वावगं नाही. मार्शा बेट्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1989 मध्ये लिहिलं आहे, की माहिती शोधणं हे बोरं वेचण्यासारखं आहे, एका झाडाखाली सगळी मिळत नाहीत, आणि वेचता वेचता आपल्याला काय हवं तेही बदलतं. त्या पोरींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना धीर आला. प्रश्न बदलला तर वहीत नवीन प्रश्न लिहायचा, एवढंच.

आता उणिवा.

सगळे एकाच खात्यावरून शोधतात. त्यामुळं सकाळी कुणी कीटकनाशक शोधलं की दुपारी पोरींच्या पानावर कीटकनाशकांच्या जाहिराती येतात, आणि शोधायच्या चौकटीत टाइप करायला लागलं की आधीच्या माणसानं काय शोधलं ते खाली दिसतं. एखादी बाई स्वतःच्या आजाराबद्दल शोधून गेली असेल तर पुढच्यानं ते पाहणं बरं नाही. गाव लहान आहे, कोण आधी बसलं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी गुप्त (इन्कॉग्निटो) विंडो, जिच्यात शोधलेलं बंद केल्यावर मागं दिसत नाही, ती उघडायची आणि उठला की बंद करायची, हे मी तिला सांगितलं. करते, पण गर्दीत राहून जातं. ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जून-जुलैत तिथं शोधायला जाऊ नये. दाखले, शाळेचे फॉर्म आणि पीक विम्याची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते. त्या दिवसांत तीसुद्धा स्क्रीन वळवत नाही, तिला उसंतच नसते. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर तासभर चालतं, पुढं नाही. बायकांना बसायला बाहेर फक्त एक बाकडं आहे आणि संध्याकाळी ते पुरुषांनी भरलेलं असतं.

आणि पैशांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ती शोधून देण्याचं काही घेत नाही, फक्त प्रिंटचे घेते. हे बरोबर नाही. ज्या कामाला पाऊण तास लागतो आणि डोकं लागतं ते फुकट, आणि बटण दाबून निघणाऱ्या कागदाला पाच रुपये, यातून लोकांना वाटतं की कागदच महत्त्वाचा. काकाजींसारख्या माणसाला एका फवारणीचा खर्च वाचला तर वीस-तीस रुपये जड नाहीत. ज्यांना जड आहेत त्यांना तिनं माफ करावेत, ती करेलच. पण दर लावावा आणि भिंतीवरच्या यादीत तो लिहावा. बाकीच्या केंद्रांनाही मग कळेल की हे काम आहे.

एक गोष्ट ती कुणासाठीही शोधत नाही: बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा मदत क्रमांक. असे खोटे नंबर लावून ठेवणारे लोक असतात, आणि शेजारच्या गावातल्या एका माणसाच्या खात्यातून अशाच एका नंबरामुळं पैसे गेले. ती पासबुक आणायला सांगते आणि त्यावर छापलेला नंबर लावून देते. लोक आधी कुरकुरतात, तरी ती ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो गुप्त विंडोसाठी, आणि ती शिस्त लागली की मी तो परत देईन.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी तीननंतर जा, बुधवार टाळा, त्या दिवशी बाजार असतो. पिकाचं काही असेल तर पान ताजं न्या, शेंड्याचं आणि बुडाचं दोन्ही, आणि आधी काही फवारलं असेल तर ती बाटली. जमिनीचं असेल आणि नंबर माहीत नसेल तर शेजाऱ्यांची पूर्ण नावं काढून ठेवा. घरातलं दुसरं कुणी सोबत आलं तर फार चांगलं, मुलगी, सून, नातू, कुणीही. दोन खुर्च्या आहेत.